आधी शिकवणाऱ्या बाई, मग कॉलेज

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात १५७ नवीन नर्सिंग कॉलेजं जाहीर केली. २०१४ नंतर जी नवी मेडिकल कॉलेजं निघाली, त्यांच्या सोबतीनेच ही उभी राहायची. खर्च १५७० कोटी, म्हणजे एका कॉलेजमागे दहा कोटी. चांगलीच गोष्ट आहे. नर्सिंगचं शिक्षण विद्यापीठात, पदवीच्या पातळीवर जावं, असं म्हणणाऱ्यांत मी पहिल्यापासून आहे. पण ही बातमी वाचून व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले, तेव्हा मी एका जुन्या सहकारी बाईंना फोन केला. त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "बिल्डिंग होईल गं, शिकवणार कोण?"

हा प्रश्न कुरकुरीचा वाटेल. तो इतिहासाचा आहे, म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, कारण बरेच फॉलोअर नवीन आहेत. मी आयुष्यभर पाठ्यनिर्देशिका म्हणून नोकरी केली. हा सरकारी शब्द. वॉर्डात काम करते ती अधिपरिचारिका, वॉर्डाची इन्चार्ज ती परिसेविका, सगळ्यांच्या वर अधिसेविका म्हणजे मेट्रन, आणि नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते ती पाठ्यनिर्देशिका. बोलताना हे शब्द कोणी वापरत नाही. आम्हाला ट्यूटर म्हणतात, पूर्वी सिस्टर ट्यूटर म्हणायचे, आणि पेशंटचे नातेवाईक सगळ्यांना सरसकट सिस्टर म्हणतात. नर्सच्या नर्स कशा तयार होतात हे लोकांना थोडंफार माहीत असतं. त्यांना शिकवणारी कशी तयार होते, हे कोणी विचारतच नाही.

सुरुवात लंडनपासून करावी लागेल, पण तिथे फार थांबायचं नाही. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल बाईंच्या नावाने नर्सिंगची शाळा निघाली आणि पुढे जगभर तोच साचा चालला. शाळा रुग्णालयाची, विद्यार्थिनी रुग्णालयाच्या हॉस्टेलवर, शिकणं म्हणजे वॉर्डात राबणं, आणि वर मेट्रन. या साच्यात रुग्णालयाचा मोठा फायदा होता, विद्यार्थिनी म्हणजे स्वस्तातले हात. शिकवायला वेगळी बाई कशाला हवी, मेट्रन आणि वॉर्ड सिस्टर आहेतच की! डॉक्टरसाहेब वेळ मिळाला तर येऊन लेक्चर देऊन जातील.

यात काहीतरी चुकतंय हे अमेरिकेतल्या काही नर्सेसच्या लक्षात आलं. त्यांनी सुरुवात कुठून केली ते बघा. नर्सिंगचं कॉलेज काढा अशी मागणी घेऊन त्या बसल्या नाहीत. १८९९ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात त्यांनी प्रशिक्षित नर्सेससाठी एक अभ्यासक्रम सुरू करवून घेतला. नाव होतं हॉस्पिटल इकॉनॉमिक्स, पण उद्देश नर्सिंगच्या शाळा चालवणाऱ्या आणि तिथे शिकवणाऱ्या बायका तयार करणं हा. इझाबेल हॅम्प्टन रॉब यांचा यात मोठा वाटा. १९०७ मध्ये त्याच कॉलेजात अॅडलेड नटिंग प्राध्यापक झाल्या, नर्सिंगमधल्या जगातल्या पहिल्या प्राध्यापक. आणि १९०९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या छत्राखाली नर्सिंगची शाळा निघाली. शिक्षिका १८९९, विद्यापीठ १९०९. मध्ये दहा वर्षं.

स्कॉटलंडातही क्रम हाच. एडिनबरा विद्यापीठात १९५६ मध्ये नर्सिंगचा विभाग निघाला, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांवर. तो आधी निघाला नर्स-शिक्षिका आणि नर्स-प्रशासक यांच्यासाठी. मुलींसाठीचा पदवी अभ्यासक्रम १९६० मध्ये सुरू झाला.

आता आपल्याकडे या.

महाराष्ट्रात नर्सिंगचं नाव काढलं की सेवासदन आठवायला हवं. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधरांनी पुणे सेवासदन काढलं आणि तिथल्या मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणासाठी पाठवायला सुरुवात केली. त्यांत विधवा होत्या. परजातीच्या, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे त्या काळच्या पुण्यात किती अवघड होतं याची कल्पना करा. रमाबाईंनी शिकणाऱ्या मिळवल्या हीच केवढी मोठी गोष्ट. शिकवणाऱ्या कोण, हा प्रश्न पुढच्या पिढीचा होता.

तो पुढे आला दुसऱ्या महायुद्धात. सैन्याला नर्सेस हव्या होत्या, वॉर्ड सांभाळणाऱ्या हव्या होत्या, आणि नव्या मुलींना घाईने तयार करणाऱ्याही. १९४३ मध्ये दिल्लीत स्कूल ऑफ नर्सिंग अॅडमिनिस्ट्रेशन निघालं. तिथे काम करत असलेल्या नर्सेसना वॉर्ड चालवायला आणि शिकवायला तयार करायचे. तीनच वर्षांनी, १९४६ मध्ये, दिल्लीत कॉलेज ऑफ नर्सिंग सुरू झालं, दिल्ली विद्यापीठाची बीएस्सी ऑनर्स पदवी देणारं. युद्धकाळातलं ते स्कूल त्यातच विलीन झालं. त्याच वर्षी वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मद्रास विद्यापीठाची नर्सिंगची पदवी सुरू झाली. दिल्लीच्या कॉलेजला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचं नाव दिलं गेलं, आपल्या पहिल्या आरोग्यमंत्री.

म्हणजे आपणही बरोबरच सुरुवात केली होती. आधी बाई, मग कॉलेज.

त्याच १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. आपल्या आरोग्यव्यवस्थेचा पाया म्हणतात तो हाच. त्यातले आकडे मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवत असे. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात प्रशिक्षित नर्सेस सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक. समितीला हवी होती ५०० लोकांमागे एक नर्स, आणि १९७१ पर्यंत त्यासाठी ७,४०,००० नर्सेस लागतील असा त्यांचा हिशोब. सात हजारांवरून सात लाख चाळीस हजार! वर्गातली एखादी तरी मुलगी हसायचीच. मी म्हणायची, हसू नकोस, पुढचा हिशोब कर. दहा मुलींमागे एक शिक्षिका धरली तर किती शिक्षिका लागतील? आणि त्या शिक्षिकांना शिकवायला किती?

या दुसऱ्या हिशोबाकडे देशाने पुरेसं पाहिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण बघा. पदवी १९४६ ला सुरू झाली, पण नर्सिंगमधली मास्टर्सची पदवी भारतात सुरू व्हायला १९५९ उजाडलं, तीही दिल्लीच्याच कॉलेजात. मधली तेरा वर्षं पदवीच्या वर्गाला शिकवायला पदव्युत्तर शिकलेली बाई हवी असेल तर ती परदेशी जाऊन आलेली किंवा मूळचीच परदेशी. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेच्या मदतीने तिकडच्या शिक्षिका इथे आल्या, इथल्या काही जणी फेलोशिपवर तिकडे गेल्या. दिल्लीत, वेल्लोरला त्याचा फायदा झाला. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या नर्सिंग स्कूलपर्यंत त्यातलं काय पोचलं?

१९६१ च्या मुदलियार समितीने नर्सेसच्या तीन पातळ्या सुचवल्या आणि त्यात पदवीधर नर्सला वेगळी जागा दिली, मुख्यतः शिकवायला आणि प्रशासनाला. महाराष्ट्रात एसएनडीटी विद्यापीठाने १९६४ मध्ये मुंबईत लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज काढलं. बायकांच्या विद्यापीठाने नर्सिंगला पदवी देणं हे कर्व्यांच्या परंपरेला साजेसंच. पण राज्यभर पसरलेल्या शाळांचा कारभार पुढेही अनेक वर्षं डिप्लोम्याचाच राहिला. जीएनएम. जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी.

आता या शाळेतली ट्यूटर कशी तयार व्हायची, हे सांगते.

मुलगी जीएनएम व्हायची, आमच्या वेळी साडेतीन वर्षांचं. मग वॉर्डात नोकरी. काही वर्षांनी शिकवण्याची आवड असेल, किंवा खरं सांगायचं तर नाइट ड्युटीतून सुटका हवी असेल, तर नर्सिंग एज्युकेशन अँड अॅडमिनिस्ट्रेशनचा डिप्लोमा करायची. डीएनईए म्हणायचे त्याला. एवढ्यावर ती ट्यूटर. त्या डिप्लोम्यात पाठाचं टाचण काढायला शिकवत: एका रकान्यात वेळ, मग उद्दिष्ट, मग मजकूर, शिक्षकाची कृती, विद्यार्थिनीची कृती, साधनं, मूल्यमापन. त्याला आम्ही हसायचो, पण ते उपयोगी पडलं. ज्या बाईने दहा वर्षं फक्त हाताने काम केलंय, तिला "मी हे नक्की काय करते आणि कोणत्या क्रमाने करते" हे पहिल्यांदा कागदावर मांडावं लागायचं.

मात्र शाळा रुग्णालयाची होती आणि ट्यूटर रुग्णालयाची नोकर. सकाळी अॅनाटॉमीचा तास चालू असताना वॉर्डातून निरोप यायचा, स्टाफ कमी आहे, दुसऱ्या वर्षाच्या सहा मुली पाठवा. मुली जायच्या. तास बुडायचा. नाही म्हणायची ट्यूटरची टाप नव्हती, कारण तिचा गोपनीय अहवाल लिहिणारी माणसं तीच, निरोप पाठवणारी. विद्यापीठाचा खरा फायदा मला नेहमी इथे दिसला. पदवी म्हणजे जाड पुस्तकं आणि इंग्रजी, असं लोकांना वाटतं. कॉलेजात मुलगी विद्यार्थिनी असते आणि तिच्या बाई तिच्या शिक्षणाला जबाबदार असतात, रुग्णालयाच्या हजेरीपटाला नसतात. पण हे कागदावर असून भागत नाही. समोर डीन, सर्जन, मेट्रन असताना "माझ्या मुली आज तासाला बसतील" हे म्हणायला बाईंच्याकडे तेवढं शिक्षण आणि तेवढं पद असावं लागतं. शिक्षिकेची तयारी म्हणते ती याचीही.

केंद्र सरकारने १९८७ मध्ये नर्सिंगसाठी उच्चाधिकार समिती नेमली, सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली. १९८९ च्या तिच्या अहवालाने साफ सांगितलं की मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांना जोडलेल्या नर्सिंग शाळा टप्प्याटप्प्याने पदवी कॉलेजं करा, आणि तोवर डिप्लोमा झालेल्या नर्सेसना पदवी घेता यावी म्हणून पोस्ट-बेसिक बीएस्सी चालू ठेवा. उत्तम शिफारस. "टप्प्याटप्प्याने" हा शब्द सरकारी कागदावर आला की त्याचं काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मग आमच्या पिढीची खरी परीक्षा सुरू झाली. ट्यूटरला पुढे जायचं तर पोस्ट-बेसिक बीएस्सी, पूर्ण वेळ दोन वर्षं. मग एमएस्सी, आणखी दोन वर्षं. चार वर्षं! पस्तीस-चाळीस वयाची बाई, घरात दोन मुलं, सासू आजारी, नोकरी जिल्ह्याला आणि कॉलेज मुंबई-पुण्याला. रजा मिळाली तर शिकायचं. रजेच्या अर्जावर शेरा ठरलेला: पर्यायी व्यवस्था नाही. खरंच नसायची. एका शाळेत चार ट्यूटर, त्यातली एक गेली तर तिचे तास बाकी तिघींवर. म्हणून एकीला मंजूर झाली की उरलेल्यांना आनंद व्हायच्याऐवजी पोटात गोळा यायचा. मैत्रिणींमध्ये यावरून अबोला झालेला मी पाहिलाय.

१९९४ मध्ये इग्नूने पोस्ट-बेसिक बीएस्सी दूरशिक्षणाने सुरू केलं, तीन वर्षांचं. आमच्यासारख्यांना ती खिडकीच उघडली. मी त्यातूनच पदवी घेतली. नोकरी चालू, पोस्टाने पुस्तकांचे गठ्ठे यायचे, ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जायचं. रात्री मुलं झोपली की स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल घेऊन बसायचं. समाजशास्त्र, मानसशास्त्र, संशोधनाच्या पद्धती. ज्या बाईने शेवटचं गणित दहावीला केलं होतं ती मध्यरात्री स्टँडर्ड डेव्हिएशन काढत बसायची. दूरशिक्षणाच्या पदवीला काही लोक नाकं मुरडायचे, अजूनही मुरडतात. मुरडू देत. महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्हा शाळांना त्या काळात पदवीधर शिक्षिका मिळाल्या त्या याच वाटेने.

पदवीने आम्हाला काय दिलं, याचं एक उदाहरण देते. ज्यांना बाळंतपणाचं वाचायला नको वाटतं त्यांनी हा परिच्छेद सोडावा.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. पुस्तकात व्याख्या ५०० मिलिलीटरची. वॉर्डात मुरलेली सिस्टर मुलीला काय शिकवते? ओटीपोटावर हात ठेव, गर्भाशय चेंडूसारखं कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर चोळ, हाक मार, थांबू नकोस. बाईच्या अंगाखाली हात घालून बघ, रक्त पाठीमागे साठतं, वरून दिसत नाही. हे ज्ञान सोन्यासारखं आहे आणि ते पुस्तक वाचून येत नाही. पण रक्त किती गेलं हे वॉर्डात पिढ्यान्‌पिढ्या नजरेने ठरवलं जायचं, "दोन पॅड भिजले, फार नाही." अभ्यास करणाऱ्यांनी मोजून पाहिलं तेव्हा दिसलं की नजरेचा अंदाज बऱ्याचदा कमी पडतो, आणि रक्त जितकं जास्त जातं तितका तो जास्त चुकतो. मोजायचं का, कसं मोजायचं, हा पुरावा कुठून आला, तो वाचायचा कसा, हे मुलीला सांगायला शिक्षिकेने स्वतः संशोधन वाचलेलं असावं लागतं. ते पदवीने दिलं. दोन्ही हवं. हाताला कडक-मऊ कळणारी बाई हवी आणि तिला तो संशोधनाचा लेखही वाचता यायला हवा. एकच बाई, दोन नव्हेत.

इथे ऑस्ट्रेलियाचं सांगायलाच हवं, कारण त्यांनी हे सगळं ठरवून आणि वेळेत केलं. १९८४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने निर्णय घेतला की नर्सिंगचं मूळ शिक्षण रुग्णालयांतून काढून उच्च शिक्षणात न्यायचं. न्यू साउथ वेल्स राज्याने १९८५ मध्ये एका दमात ते केलं, आणि १९९३ पर्यंत देशभर ते पूर्ण झालं. नऊ-दहा वर्षांत अख्खा देश! त्यांनाही हीच अडचण आली. रुग्णालयाच्या शाळांतल्या कित्येक शिक्षिकांकडे स्वतःकडेच पदवी नव्हती. त्या एकीकडे शिकवत होत्या आणि एकीकडे पदवी पूर्ण करत होत्या. सोपं गेलं नाही त्यांना. पण शेवटची तारीख ठरलेली होती आणि सरकार तिच्यावर ठाम होतं. त्यामुळे ट्यूटरला माहीत होतं की अमुक वर्षापर्यंत आपल्याला काय व्हायचंय.

आपल्याकडे तारीख कधी ठाम राहिली? काही वर्षांपूर्वी भारतीय नर्सिंग कौन्सिलने जाहीर केलं की जीएनएम बंद करणार, यापुढे पदवीच. शाळांत धावपळ उडाली. मग निर्णय मागे घेतला गेला. जीएनएम आजही चालू आहे. त्या मधल्या काळात ज्या ट्यूटरनी कर्ज काढून एमएस्सीला प्रवेश घेतला त्यांचं काय, आणि ज्यांनी "आता शाळाच राहणार नाही" म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्यांचं काय? मला अशा दोघी माहीत आहेत, एक या बाजूची, एक त्या.

महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि निरनिराळ्या विद्यापीठांखाली विखुरलेली नर्सिंग कॉलेजं एका छताखाली आली. हे फार चांगलं झालं, परीक्षा आणि अभ्यासक्रम एकसारखे झाले. पण त्यानंतरच्या वर्षांत खासगी कॉलेजं ज्या वेगाने निघाली त्या वेगाने शिक्षिका तयार झाल्या नाहीत. होणारच नव्हत्या. एमएस्सी झालेली बाई तयार व्हायला बारावीनंतर सात वर्षं तरी लागतात: चार वर्षं बीएस्सी, एक वर्षाचा अनुभव, दोन वर्षं एमएस्सी. कॉलेजची इमारत अठरा महिन्यांत उभी राहते.

मग तूट कशी भरून निघते? कागदावर. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत मला एका संस्थेतून फोन आला. नाव घेत नाही. माणूस अदबीने बोलत होता. "मॅडम, तुम्ही रोज यायची गरज नाही. तपासणीच्या दोन दिवशी फक्त बसायचं. सर्टिफिकेटच्या प्रती आणि फोटो पाठवा. मानधन महिन्याच्या महिन्याला खात्यात." मी विचारलं, मुलींना शिकवणार कोण? तो म्हणाला, "आमच्याकडे गेल्या वर्षी पास झालेल्या मुली आहेत ना." मी नकार दिला. अशा फोनला हो म्हणणाऱ्या बायका लबाडच असतात असं मात्र नाही. कित्येक जणींना पेन्शन नाही, खासगी कॉलेजात पगार चार-चार महिने थकलेले. पण त्या कॉलेजातली मुलगी पुढे कुठल्यातरी प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटी ड्युटीवर असते, आणि तिच्यासमोर ते मऊ पडलेलं गर्भाशय येतं.

नियम कमी आहेत असं नाही. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं, सगळं लिहिलेलं आहे. २०२१ मध्ये बीएस्सीचा अभ्यासक्रम नवा आला, सेमिस्टर, क्रेडिट, सिम्युलेशन लॅब. २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदाही झाला, १९४७ च्या कौन्सिलच्या कायद्याच्या जागी. पुतळ्यावर सराव करायची लॅब मला मनापासून आवडते, आमच्या वेळी इंजेक्शन संत्र्याला टोचून शिकवायचो. पण तो महागडा पुतळा प्लॅस्टिकच्या वेष्टनात तसाच ठेवलेला मी पाहिलाय, कारण तो चालवायचा कसा हे शिक्षिकेला कोणी शिकवलेलं नव्हतं.

माझी खरी काळजी मात्र दुसरीच आहे. जिल्ह्याच्या शाळा कॉलेजं होतील तेव्हा तिथल्या जुन्या ट्यूटरचं काय करणार? माझी एक सहकारी, बावीस वर्षं शिकवतेय. जीएनएम, डीएनईए, पोस्ट-बेसिक. एमएस्सी नाही, कारण तिला रजा मिळाली नाही, तीनदा अर्ज करून. कॉलेज झालं तर ती सगळ्यात खालच्या पायरीवर जाणार, आणि तिच्या वर प्राध्यापक म्हणून येणार तिचीच एक विद्यार्थिनी, जी बीएस्सी-एमएस्सी करून आली. ती मुलगी गुणी आहे. परवा एका कार्यक्रमात भेटली तर म्हणाली, "मॅडम आधी बसल्याशिवाय मी खुर्चीवर बसणार कशी?" हा तिचा चांगुलपणा. व्यवस्था अशा चांगुलपणावर सोडायची नसते. त्या मुलीने वॉर्डात जेमतेम वर्ष काढलंय आणि माझ्या सहकारीने अठरा वर्षं प्रसूती कक्षात मुलींचे हात धरून शिकवलंय. दोघींचं एकमेकींवाचून अडणार आहे.

उपाय अवघड नाहीत, खर्चाचे आहेत. पूर्ण पगारी अभ्यासरजा, आणि रजेच्या काळात त्या जागी बदली शिक्षिका. ही बदली शिक्षिका दिली नाही तर रजा फक्त कागदावर राहते, हे मी चाळीस वर्षं पाहिलं. सरकारी कॉलेजांत एमएस्सीच्या जागा वाढवायला हव्यात आणि त्यातल्या काही पंधरा वर्षं शिकवलेल्यांसाठी राखून ठेवायला हव्यात. आणि प्रत्येक शिक्षिकेने आठवड्याचे काही तास वॉर्डात प्रत्यक्ष पेशंटबरोबर काम करायचं, मग ती प्राध्यापक का असेना. या शेवटच्या मुद्द्यावर माझे काही एमएस्सी झालेले मित्रमैत्रिणी रागावतील. म्हणतील, आम्हाला परत बेडपॅन द्यायला लावता? हो, तेही. १५७० कोटींतले किती रुपये यासाठी आहेत, हे आपल्या खासदारांना विचारायला हरकत नाही.

एक काम मात्र आजच करण्यासारखं आहे, म्हणून ही पोस्ट. जुन्या नर्सिंग स्कूलांचं रूपांतर होताना पहिली सफाई होते ती कपाटांची. हजेरीची रजिस्टरं, बॅचचे फोटो, ट्यूटरच्या रजेचे नामंजूर अर्ज, टाचणवह्या, सगळं रद्दीत जातं. एका शाळेत १९६० च्या दशकातली प्रात्यक्षिकाची वही मी स्वतः गठ्ठ्यातून ओढून काढली, मराठीत लिहिलेली, निळ्या शाईत, मलमपट्टीच्या ट्रेचं चित्र काढलेलं. तुमच्यापैकी कोणाची आई, आत्या, मावशी पाठ्यनिर्देशिका असेल तर त्यांना विचारा: तुम्ही पदवी कोणत्या वर्षी घेतली, कुठून, पगारी रजेवर की बिनपगारी, आणि तेव्हा तुमचे तास कोणी घेतले? उत्तर दोन ओळींचं असलं तरी इथे खाली लिहा. वह्या, फोटो असतील तर टाकू नका, मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन.